‘आवाजात काही नसतं’ म्हणणाऱ्या वाचकास

अनामिक महोदय,

बोलत्या फ्रेंचमध्ये शब्द एकमेकांना चिकटतात, तरी ऐकणाऱ्याला ते सुटे कसे होतात, यावर मी लिहिलं. त्यावर तुमचा शेरा: ‘आवाजात काही नसतं, सगळं संदर्भावरून कळतं. यूट्यूब बघून लेख पाडू नका.’

मतभेद असू द्या की! पण ‘लेख पाडू नका’ ही काय बोलायची रीत झाली? समोरासमोर असतात तर असं बोलला असतात का? अहो, पुण्यात फ्रेंच शिकवण्यात माझी उभी हयात गेली. त्याआधी ल्यों शहरात राहिलोय, बेकरीच्या रांगेत ही भाषा कानावर घेतलीय. तेव्हा यूट्यूब जन्मालाही आलं नव्हतं.

लेख लांबला, हे मात्र मान्य.

आता तुमचं ते ‘काही नसतं’. ‘से लाफिश’, म्हणजे ‘हे अमुक आहे’, एवढंच वाक्य घ्या. ‘ला फिश’ म्हणजे नोंदीचं कार्ड, ‘ल्’ अधिक ‘आफिश’ म्हणजे पोस्टर; ‘ला’ किंवा ‘ल्’ हे नामाआधीचं उपपद, इंग्रजीतल्या ‘द’सारखं. स्वर-व्यंजनं तीच, मागेपुढे काही नाही, म्हणजे तुमचा लाडका संदर्भ शून्य. तरी फरक आहे. आफिशचा ‘आ’ नामाचा पहिला स्वर, तिथे सूर किंचित उचलला जातो; ‘ला’ हे नुसतं उपपद, ते खालच्या सुरात निघून जातं. भाषासंशोधक एल्सा स्पिनेली आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ‘ला फिश’च्या ध्वनिमुद्रणात फक्त त्या ‘आ’चा सूर चढवला, तर ‘आफिश’ ऐकू आल्याची उत्तरं वाढली. संदर्भ कुठून आणला त्या ऐकणाऱ्यांनी?

किंवा ‘देर्न्ये रोन्यों’: शेवटचा कांदा (‘ओन्यों’) की शेवटचा गुर्दा (‘रोन्यों’)? कांद्याच्या वेळी मधला ‘र’ आधीच्या शब्दाच्या शेपटातून आलेला असतो आणि गुर्द्याच्या स्वतःच्या ‘र’पेक्षा आखूड पडतो. स्पिनेली, मॅक्वीन आणि कटलर यांनी २००३ मध्येच हे मोजलंय, आणि फ्रेंच कान त्याचा उपयोग करतो हेही दाखवलंय. तुमच्या कानाला तो फरक जाणवत नसेल तर त्याला मी काय करू?

संदर्भाची मदत होतच नाही, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख वाचायचे कष्ट घ्या.

राहिला तुमचा अस्वलाचा मुद्दा, की आवाजात काही असतं तर मुलं चुकली नसती. अस्वल म्हणजे ‘उर्स’; फ्रेंच मुलं ‘अँ नुर्स’ (एक अस्वल) ऐकून ‘ल उर्स’ऐवजी ‘ल नुर्स’ म्हणतात, आधीच्या शब्दाचा ‘न’ अस्वलाला चिकटवतात. म्हणतात ना! मोठी झाली की सुधारतात. त्यात एवढं काय? आणि पॅरिसमधले तुमचे मेहुणे काय म्हणतात ते त्यांच्यापाशीच राहू द्या.

पुढच्या वेळी नाव घालून लिहा.