कीलचा गंज, बार्नेकल आणि ‘पाच वर्षं बघायला नको’

शिडाच्या बोटी बाळगणाऱ्यांत एक सल्ला फिरत असतो. बोट पाण्याबाहेर काढायची वेळ आली की कुणीतरी तो हमखास पुढे पाठवतं. सल्ला असा: लोखंडी कीलवरचा (बोटीच्या तळाखालच्या जड पात्यावरचा) गंज तारेच्या ब्रशने झाडा, रस्ट कन्व्हर्टर (गंज बदलणारं रसायन) फासा, त्यावर भरपूर तांबं असलेला अँटिफाउलिंग रंग (तळाला जीव चिकटू न देणारा) थेट मारा, रंगात मूठभर मिरचीपूड घाला आणि झिंकचा (जस्ताचा) एक तुकडा बसवा. पाच वर्षं ना गंज, ना बार्नेकल (तळाला चिकटून बसणारे कवचाचे समुद्री जीव).

यातल्या जवळजवळ प्रत्येक पायरीने कुठल्या ना कुठल्या खऱ्या गोष्टीचं शेपूट धरलेलं आहे, म्हणून तो पटतो. मीही एकदा यातलं निम्मं करून बसलो होतो.

आधी लोहचुंबक घ्या आणि कीलला लावून बघा. चिकटला नाही तर कील बहुधा शिशाची आहे. शिसं गंजत नाही, तेव्हा गंजाचा सगळा भाग सोडून द्या. चिकटला तर पुढचं वाचा.

‘कन्व्हर्टर लावल्यावर काळं पडलं म्हणजे गंज मेला.’ कन्व्हर्टरमध्ये टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं. ते वरच्या गंजाचं काळपट, तुलनेने स्थिर संयुग करतं, हे खरं. पण ते पोचतं तेवढ्याच थरापुरतं. समुद्रात राहिलेल्या ओतीव लोखंडाला बारीक खड्डे पडतात आणि त्यांच्या तळाशी मीठ, म्हणजे क्लोराइड, दडून बसतं. वर रंग चढला की ते रंगातून पाणी ओढून घेतं आणि खाली गंज पुन्हा सुरू. माझी कील कन्व्हर्टरनंतर झकास काळीभोर दिसत होती. पुढच्या वेळी बोट बाहेर आली तेव्हा तिच्यावर मसूर-वाटाण्याएवढे फोड होते. एक स्क्रूड्रायव्हरने टोचला, तर आतून तांबूस-काळं पाणी ओघळलं आणि खाली खड्डा निघाला, आधीच्यापेक्षा खोल.

इथे आडवाट नाही. धातू ब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूसारख्या कणांचा जोरदार मारा करून, चकचकीत राखाडी होईपर्यंत साफ करायचा, खड्ड्यांतलं मीठ गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायचं, वाळवायचं, आणि धुतल्यावर पुन्हा तांबूस झाक आली तर एक हलका ब्लास्टिंगचा हात फिरवायचा. मग काही तासांच्या आत इपॉक्सी (कडक होणारी राळ) प्रायमर, कारण उघडं लोखंड दमट हवेत वाट बघत नाही. धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंश सेल्सिअसने जास्त हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणाऱ्या ओलीवर रंग बसतो. त्यावर इपॉक्सीचे अनेक थर. एका थरात राहिलेली सुईच्या टोकाएवढी भोकं पुढचा थर बुजवतो. थरागणिक रंगाची छटा बदलली तर कुठे हात फिरायचा राहिला ते लगेच कळतं.

‘तांबं जितकं जास्त आणि धातूला जितकं लगटून, तितकं चांगलं.’ या सल्ल्यातलं हे सर्वांत घातक वाक्य. तांबं बार्नेकलला दूर ठेवतं, पण खाऱ्या पाण्यात ते लोखंडाशी भिडलं की झिजतं ते लोखंड. हा धडा जुना आहे. ब्रिटिश नौदलाने 1761 मध्ये ‘एचएमएस अलार्म’ या लाकडी जहाजाच्या तळाला प्रयोग म्हणून तांब्याचे पत्रे ठोकले. काही काळाने तपासणी झाली तेव्हा पत्रे जागोजागी सुटले होते, कारण त्यांना धरणारे लोखंडी खिळेच खाऊन गेले होते. काही खिळे मात्र शाबूत निघाले. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद तिथे चुकून मध्ये राहिला होता! कीलवरच्या इपॉक्सीचं काम त्या कागदाचंच आहे. इपॉक्सीचा थर अखंड हवा, मग वरच्या रंगात तांबं असलं तरी बिघडत नाही.

दोन्ही रंग जोडायची वेळही साधावी लागते. शेवटच्या इपॉक्सीवर अंगठा दाबला की ठसा उठावा, पण अंगठ्याला रंग लागू नये. त्या घडीला अँटिफाउलिंगचा पहिला हात मारायचा. इपॉक्सी कडक झाल्यावर आठवण झाली तर पॉलिश पेपरने घासत बसा.

मिरचीपूड. मिरचीला तिखटपणा देणाऱ्या कॅप्साइसिनवर आणि त्याच्या संयुगांवर संशोधन झालं आहे, तिथून ही अफवा निघाली असावी. पण स्वयंपाकघरातली पूड पाण्यात फुगते आणि रंगाच्या थरात भोकं पाडते. सोडा तो नाद.

‘झिंक लावलं की गंज आणि बार्नेकल दोन्ही थांबतात.’ यातलं अर्धं खरं आहे. झिंक स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं, पण धातूला धातू जोडलेला असेल तरच, आणि झिंकवर रंग चढवलेला नसेल तरच. शिवाय ते इपॉक्सीवर पडलेल्या ओरखड्यांपुरतं पुरतं. उघड्या कीलला लावलं तर स्वतः भराभर संपून जातं. गोड्या पाण्यात झिंक फारसं चालत नाही, तिथे मॅग्नेशियम लागतं.

आणि बार्नेकल? हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1824 मध्ये तांब्याची झीज थांबवण्यासाठी जहाजांच्या तळाच्या पत्र्यांना लोखंड आणि झिंकचे तुकडे जोडून पाहिले. झीज थांबली. पण तांबं विरघळेना, म्हणून त्याचं विषही पाण्यात उतरेना, आणि जहाजांचे तळ शेवाळ-शिंपल्यांनी भरून गेले. बार्नेकलला अडवतं ते विरघळणारं तांबं, आणि झिंकचं काम धातू विरघळू न देण्याचं.

राहिली ‘पाच वर्षं’. बार्नेकल हा खेकड्याचा नातलग. त्याची शेवटच्या टप्प्यातली अळी काही खात नाही, फक्त जागा शोधते, आणि एकदा चिकटली की तिथेच चुन्याचं घर बांधते. तिला बसू न देण्यासाठी रंगातून तांबं सतत झिरपत राहावं लागतं, म्हणजे रंग दिवसागणिक रिता होतो. एका जागी उभ्या बोटीवर तर अळ्यांना फुरसतच फुरसत. खरोखर वर्षानुवर्षं टिकणारा रंग एकेकाळी होता, कथिलाच्या ट्रायब्युटिलटिन या संयुगाचा. त्याने फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरातल्या कालवांची शेती बुडवली. फ्रान्सने 1982 मध्ये 25 मीटरपेक्षा लहान बोटींवर त्याला मनाई केली आणि 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय करारानेही बंदी लागू झाली. आपण झिरपणाऱ्या तांब्यावर आहोत, तेव्हा अँटिफाउलिंगचा नवा हात बहुतेक ठिकाणी दर हंगामाला आलाच. इपॉक्सी नीट बसली असेल तर तिला मात्र हात लावावा लागत नाही, फुटलं-तुटलं तेवढं सांधायचं.

एक जागा या सल्ल्यात येतच नाही. बोट किनाऱ्यावर ज्या ठोकळ्यांवर उभी असते, तिथे कीलचा तळ रंगाविना राहतो. पहिले बार्नेकल मला नेहमी तिथेच सापडतात, ठोकळ्याच्या नेमक्या चौकोनी आकारात. क्रेनवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा: पट्ट्यात बोट उचलली की तासभर तशीच लटकू दे. ब्रश आणि डबा हाताशी ठेवा.