कोरड्या गावातली बार लीग

बडोद्यात राहून डार्ट्सची, म्हणजे बोर्डावर बाण फेकायच्या खेळाची, बार लीग खेळायची असेल तर आधी ‘बार’ या शब्दाची धास्ती सोडा. गुजरातीत बार म्हणजे बारा. आईने विचारलं, “कसली रे ही बार लीग?” की ठणकावून सांगा, “बारा जणांची!” यात काही खोटं नाही. आमच्यात सुरुवातीला खरंच बारा होते; दोघांची सुरतेला बदली झाली, एकाचं लग्न झालं.

गुजरात १९६० साली वेगळा झाला तेव्हापासून इथे दारूबंदी आहे. बार पाहायचा तर दीव, दमण नाहीतर आबू. डार्ट्स मात्र विलायतेत पबच्या भिंतीवर वाढलेला खेळ. आपण त्यातली भिंत तेवढी घ्यायची. दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या वाड्याची अगाशी शोधा, जिन्याच्या खोलीला बोर्ड ठोका आणि पिंटच्या जागी गोटी सोडा मागवा. बुलचा, म्हणजे बोर्डाच्या मधल्या गोलाचा, मध्य जमिनीपासून १.७३ मीटरवर आणि फेकायची रेघ बोर्डापासून २.३७ मीटरवर, असा नियम आहे. रेघ खडूनेच मारा. पायांनी पुसली जाते, पुन्हा मारावी लागते, आणि दर वेळी यजमान संघाला सोयीची पडते. हा निव्वळ योगायोग समजावा.

बाण मात्र टंगस्टनचे घ्या. पितळी बाण स्वस्त, पण जाड. टंगस्टनचे तेवढ्याच वजनात बारीक असतात, म्हणून तीन बाण एकाच पट्टीत दाटीवाटीने मावतात. आपले तीन बाण आजवर एका पट्टीत कधी भेटलेले नाहीत, ही गोष्ट दुकानात आठवू नका.

नेम कुठे धरायचा? अर्थात ट्रिपल २० वर, म्हणजे वीसच्या खान्यातल्या तिप्पट गुणांच्या पट्टीवर. पट्टी जेमतेम ८ मिलिमीटर रुंद, आणि वीसच्या एका बाजूला ५, दुसऱ्या बाजूला १. बोर्ड मांडणाऱ्याने आपल्यासारख्यांचा किती विचार केला होता बघा. एक बाण डावीकडे, एक उजवीकडे आणि एक चुकून साध्या विसात गेला की होतात २६. इंग्रज या २६ ला ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ म्हणतात, कारण एके काळी तिकडे रात्रीची खोली आणि सकाळची न्याहारी मिळून दोन शिलिंग सहा पेन्स पडत. आमच्याकडे त्याला ‘सेव-उसळ’ म्हणतात. ज्याचे २६ झाले त्याने सगळ्यांना खिलवायची, तरी वेगळी मागवून. गेल्या हंगामात मी इतकी सेव-उसळ खिलवली की गाडीवाला मला लांबून बघूनच पाव मोजायला लागतो.

कुणी शहाणा सांगेल, “अरे, १९ वर मार. शेजारी ७ आणि ३ आहेत, तसंच चुकलास तरी २९ होतील.” हिशेब बरोबर आहे. पण एकोणीसला टाळ्या कोण वाजवतं?

आता मुद्द्याचं. ५०१ पासून गुण वजा करत नेमकं शून्यावर यायचं, आणि शेवटचा बाण डबलमध्येच, म्हणजे खान्याच्या बाहेरच्या कडेच्या दुप्पट गुणांच्या पट्टीतच, लागला पाहिजे. आकडा खाली गेला किंवा १ उरला, तर ती खेळी बाद. म्हणून कप्तान ओरडत असतो, “बत्तीस ठेव, बत्तीस!” कारण डबल १६ हुकून बाण आत साध्या सोळात पडला तर उरतात १६, म्हणजे डबल ८, तोही तसाच हुकला तर डबल ४, मग डबल २, मग डबल १. चुकणाऱ्याला इतक्या मायेने सांभाळणारा दुसरा आकडा बोर्डावर नाही. रावपुऱ्याच्या संघाविरुद्ध मी ती माया पुरेपूर उपभोगली. पहिला बाण साधा सोळा. दुसरा साधा आठ. तिसरा साधा चार. अगाशीवर सगळे उभे. पुढच्या फेरीत साधा दोन, मग साधा एक. उरला एक. बाद! पाचच्या पाच बाण योग्य खान्यात पडले होते, नुसते डबलच्या तारेच्या अलीकडे. कप्तान काही बोलला नाही. त्याने फक्त सोड्याची गोटी दाबली.

दारूबंदीचा खरा तोटा अशा वेळी कळतो. विलायतेतला माणूस हरला की म्हणतो, दोन जास्त झाल्या. तुम्ही काय म्हणणार? लिंबू सोड्याने हात हलला? म्हणून कारणं घरूनच घेऊन निघा. वारा हे हुकमी कारण, शिवाय अगाशीवर फुकट मिळतं. उत्तरायण होऊन गेलं असेल तर पायात मांजा अडकला म्हणा, मार्चपर्यंत चालतं. शेजारच्या कुकरची शिट्टी ऐन डबलच्या वेळी झाली, हेही चालतं, फक्त रात्री अकराच्या आधी.

भाच्याला मात्र बरोबर आणू नका. मी आणला. तो सगळ्यांसमोर म्हणाला, “मामा, ल्यूक लिटलर २०२५ च्या जानेवारीत विश्वविजेता झाला ना, तेव्हा सतरा वर्षांचा होता. तिकडे अठरा झाल्याशिवाय पबमध्ये दारू विकत पण नाही मिळत.” म्हणजे कोरड्या माणसानेही जग जिंकता येतं! अशा मुलांना ताबडतोब सोडा आणायला पाठवावं, तेही मांडवीपर्यंत.

राहिल्या वाड्यातल्या काकू. त्यांच्या साबुदाण्याच्या पापड्या त्याच अगाशीवर वाळत असतात आणि भिंतीवरून उडालेले बाण बरोबर तिथे उतरतात. ओरडा बसायच्या आत सांगून टाका की भोक पडलेली पापडी तळताना जास्त फुलते. मी सांगितलं. काकूंनी तिथल्या तिथे एक तळून पाहिली. आता पुढच्या रविवारी त्यांनी मला सकाळी आठला बोलावलंय, बाण घेऊन. दोनशे पापड्या आहेत म्हणाल्या, आणि तिथे तुझा एकही चुकत नाही.