ठमीचं अंगण आणि पुण्यातला सोफा

आमच्या पुण्याच्या घरात सध्या एका बोक्यावरून वाद पेटलाय. नवा सोफा ओरबाडला म्हणून भाच्याला त्याच्या नख्या कायमच्या काढून टाकायच्या आहेत. मी अमेरिकेत राहते, म्हणून वर मलाच साक्षीला ओढतो, "मावशी, तुमच्याकडे तर सगळे करतात ना?" ताईचं निराळंच. मांजर मोकळं सोडावं, माझ्यासारखं दोरी बांधून फिरवणं हा छळ आहे, असं ती ठासून सांगते.

आमची इथली मांजर ठमी प्राण्यांच्या शेल्टरमधून आली तेव्हाच तिच्या पुढच्या पंजांना नख्या नव्हत्या. या ऑपरेशनमध्ये नुसती नखं कापत नाहीत, हे भाच्याला कुणी सांगितलेलंच दिसत नाही. नखी हाडातून उगवते, म्हणून प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड सांध्यातून तोडतात. पुढच्या दोन पंजांची मिळून दहा हाडं! ठमी अजूनही शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये पाय बिचकत ठेवते. घाबरली की थेट चावते, कारण फटकारायला तिच्याकडे काही उरलेलंच नाही. आणि "सगळे करतात" हेही खरं नाही. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये यावर बंदी घातली, पुढे मेरीलँडने घातली. आपल्याकडच्या १९६० च्या कायद्यातही प्राण्याला विद्रूप करणं ही क्रूरताच आहे. इथले लोक जे सोडून देताहेत, ते कोथरूडमध्ये नव्याने कशाला सुरू करायचं?

ताईचं बोलणं मात्र मनाला लागतं. वाईच्या घरी आमची भाटी कौलांवरून दिवसभर हिंडायची आणि दिवेलागणीला चुलीशी येऊन बसायची. पण कुत्रं मागे लागलं की ती सरसर आंब्यावर चढायची, नख्या होत्या म्हणून. ठमीला खोडावर पकडच मिळत नाही. इथे न्यू जर्सीत संध्याकाळी लांडग्यासारखे कायोटी फिरतात, कोल्हे दिसतात, वर ससाणे घिरट्या घालतात. आणि वाईच्या त्या मोकळ्या मांजरांपैकी किती म्हातारी झाली, हे ताईने जरा आठवून सांगावं.

तरी मी ठमीला घरात कोंडलेलं नाही. तिला जाकिटासारखा हार्नेस आहे, आत दोन बोटं जेमतेम जातील इतका घट्ट. आधी घरातच, जेवणाच्या वेळी घालून सवय केली. दोरी कायम माझ्या हातात असते. झाडाला बांधून आत निघून जायचं नाही, कारण घाबरलेलं मांजर मागे सरकत हार्नेसमधून सुटतं, आणि नख्या नसलेल्या मांजराला बाहेर स्वतःचा बचाव करता येत नाही. आम्ही भर दुपारी जातो, तिन्हीसांजेला कधीच नाही. शेजारच्या वाफ्यांत लिली फुललेल्या असतात, तिकडे वळूही देत नाही. अंगाला लागलेले परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. गोचिडीचं औषध, रेबीजची लस आणि मायक्रोचिप यांत हयगय नाही. डेकवर कॅटिओ, म्हणजे मांजरासाठी जाळीचा बंदिस्त सज्जा केलाय, त्याला छतही जाळीचंच. तिथे ती उन्हात पसरते आणि चिपमंक नावाच्या छोट्या खारींकडे बघत दात कटकटवते. तिच्या हावरट डोळ्यांत छळाची खूण मला तरी दिसलेली नाही.

इतकी चिडले का, तेही सांगते. अमेरिकेतल्या वाईट गोष्टीचा जाब द्यायचा असला की मी इथली, आणि पुण्यातल्या घराबद्दल मत दिलं की "तू तिकडे राहून काय सांगतेस!" दोन्हीकडून मला बाहेरच काढतात. खरं तर या बंद खिडक्यांच्या घरात मला वाईसारखी, उंबऱ्यातून ये-जा करणारी भाटी हवी होती. ठमीला तसं सोडता येत नाही, हे मलाच सगळ्यांत जास्त बोचतं. म्हणून ताई "छळ" म्हणाली की मी भांडायलाच उठते.

भाच्या, बोहरी आळीतून सुतळी आण. बोका पाय ताणून उभा राहील एवढ्या उंच खांबाला ती घट्ट गुंडाळ आणि खांब सोफ्याला लागूनच ठेव, गॅलरीत नको. दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची फक्त टोकं काप, गुलाबी भागाला धक्का न लावता. एवढं करूनही सोफा फाटला, तर नव्या कव्हरचे पैसे मी पाठवते.