निम्मं जहाज, निम्मा भुसा

गेली तीन वर्षं मी जहाज बांधतोय, म्हणजे त्याची छोटी लाकडी प्रतिकृती. पाण्यात सोडा, ते अजून टेबलावरूनही उतरलेलं नाही. भुसा मात्र कपाटातल्या स्वेटरांपर्यंत पोचलाय.

सुरुवातीला बेत अगदी सरळ होता. नकाशा घ्यायचा, तयार चिरलेल्या पट्ट्या मागवायच्या आणि चिकटवत सुटायचं. पहिलं पुडकं आलं. पाकिटावर जाडी छापलेली होती १.६ मिलिमीटर. मी कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, लावला. एक पट्टी १.४ भरली, दुसरी १.८, आणि तिसरी एका टोकाला १.५ नि दुसऱ्या टोकाला १.७. माझं जहाज १:४८ प्रमाणातलं, म्हणजे खऱ्याहून ४८ पटीने लहान. म्हणजे इथे दशांश मिलिमीटर चुकलं, की खऱ्या जहाजावर जवळजवळ अर्ध्या सेंटिमीटरची पायरी. अशा डेकवर खलाशी ठेचकाळून समुद्रातच जायचे. शिवाय लाकूड अक्रोडाचं. टेबलखुर्चीला ते देखणं दिसतं, पण त्याची छिद्रं ४८ पटीने मोठी कल्पून बघा. फळीफळीत करंगळी जाईल.

"एवढं तर मी घरी चिरीन," असं मी म्हणालो. या वाक्याला साक्षीदार आहे, माझी बायको, आणि ती साक्षीदार ते विसरत नाही.

मग बँडसॉ, म्हणजे पट्ट्यासारखं पातं फिरणारी विजेची करवत, आला. त्याने कापलेला पृष्ठभाग खडबडीत, म्हणून जाडी एकसारखी करणारं ड्रम सँडर आलं. पट्ट्या पाडायला छोटा टेबल सॉ. हा सगळा कारभार फुप्फुसात जाऊ नये म्हणून मास्क आणि धूळ ओढणारं यंत्र. लाकडात वाचलेले पैसे कुठे गेले, हा प्रश्न आमच्याकडे आता कुणी विचारत नाही. नुसतं त्या कोपऱ्याकडे बघतात.

खरा धडा गणिताने शिकवला. नासपतीच्या लाकडाचा ५० मिलिमीटर रुंद ठोकळा. पट्टी हवी १.६ची, पण घासायला माया ठेवून कापायची २ची. करवतीचं पातं प्रत्येक कापाला १ मिलिमीटर खातं. हिशोब केला तर १७ पट्ट्या निघतात. १७ गुणिले १.६ म्हणजे २७. उरलेले २३ मिलिमीटर? ते स्वेटरांवर.

तेही ठोकळा शहाणा असेल तर. माझा नव्हता. घाईने वाळवलेल्या लाकडाच्या पोटात ताण अडकून बसलेला असतो. अर्धा काप झाला, तशी चिरलेली दोन्ही अंगं हळूहळू एकमेकांकडे झुकली आणि पात्याला चिमटीत धरून बसली. मोटर घुमली, जळका वास आला, पट्टी बाहेर आली ती धनुष्य होऊन. तिला दोरी लावायचीच काय ती बाकी होती.

म्हणून मग ओलं खोडच आणलं. टोकांना मेण लावलं, नाहीतर टोकं आधी वाळतात आणि तडकतात. हवेवर वाळायला साधारण इंचाला एक वर्ष, असा सुतारकामातला ठोकताळा आहे. माझं खोड तीन इंची. ते पलंगाखाली ठेवलं.

"तीन वर्षं?" बायको म्हणाली.

"अगं, ब्रिटिश नौदलाच्या व्हिक्टरी जहाजाचा कणा १७५९ साली ठेवला आणि ते पाण्यात गेलं १७६५ला. मधली कितीतरी वर्षं नुसता सांगाडा उभा होता, लाकूड मुरत! म्हणूनच तर ते जहाज अजून शाबूत आहे म्हणतात."

"त्यांनी तो पलंगाखाली नव्हता ठेवला."

शेवटी शरण गेलो. नेमकं काम करतो अशी ख्याती असलेल्या एका कारागिराकडून डेकच्या पट्ट्या मागवल्या. आल्या. पहिली मोजली, १.६०. दुसरी, १.६०. दहावीपर्यंत आकडा हलेना. मी कॅलिपरची बॅटरी बदलून पाहिली. इतका सभ्य अपमान माझा कुणी केला नव्हता.

आठवडाभरात डेक भरत आला आणि तीन पट्ट्या कमी पडल्या. मोजताना चुकलो होतो मीच. पुन्हा मागवल्या, तर त्या दुसऱ्या झाडाच्या, रंगाने चांगल्याच गुलाबी. आणि माझ्या उरल्यासुरल्या ठोकळ्याचा रंग मात्र डेकशी तंतोतंत जुळत होता. कोपऱ्यातली यंत्रं माझ्याकडे बघत होती.

तीन पट्ट्यांना रविवारची अख्खी सकाळ गेली. पाच वाया गेल्या, तीन जमल्या. बसवल्या, घासल्या, हात फिरवला. कुठे काही लागेना. बायकोला हाक मारली.

"यातल्या माझ्या तीन कुठल्या, ओळख."

तिने चष्मा लावला, वाकली आणि क्षणभरात बोट ठेवलं. "ही, ही आणि ही."

"अगं, कशावरून?"

"अहो, यांच्यावर पेन्सिलीने १.६ लिहून खोडलंय. मग १.५ लिहून तेही खोडलंय. आणि या तिसरीवर लिहिलंय, 'चालेल'."