ऑनलाइन फाइल दोघांनी उघडली की डेटा उडतो? काहून खोटं पसरवून राहिले?

आमच्या वहिनी बुटीबोरीकडच्या एका शाळेत ऑफिस सांभाळतात. त्यांनी मला तो "ऑफिसवाल्यांनो सावधान" वाला फॉरवर्ड पाठवला आणि विचारलं, "भाऊजी, हे खरं आहे का? आमच्या सरांनी आजपासून असंच करा म्हटलं." नागपुरातल्या अजून किती ऑफिसांत हे सुरू झालं असेल कोण जाणे. मेसेज म्हणते की ऑनलाइन फाइल दोघांनी एकदम उघडली की करप्ट होते, म्हणून प्रत्येकाने डाउनलोड करून आपापल्या कॉपीत काम करा न् संध्याकाळी ग्रुपवर टाका, ऑटोसेव्ह (फाइल आपोआप सेव्ह होणं) बंद ठेवा, उडालेला डेटा परत येत नाही, मराठी बिघडते, आणि परवानगीची कटकट नको म्हणून लिंक सगळ्यांना एडिटसाठी खुली ठेवा.

करप्ट होते हे साफ खोटं आहे. गुगल शीटमधे एकाच वेळी १०० जण काम करू शकतात. तुम्ही सेलमधे काही लिहिलं की पूर्ण फाइल नाही जात, फक्त तेवढा बदल जातो आणि सगळ्यांसमोर असलेल्या त्या एकाच फाइलला लागतो. अशा एकत्र लिहिण्यावरचं संशोधन निदान १९८९ पासूनचं आहे, आणि गुगल डॉक्समधे २०१० पासून समोरचा टाइप करताना अक्षर न् अक्षर दिसते. आता यात अर्धं खरं एवढंच की दोघांनी तोच सेल बदलला तर शेवटचा बदल टिकतो. मंग वर्गवार ओळी वाटून घ्या ना! आणि सॉर्ट करू नका, ते सगळ्यांचंच हलते. गुगल शीटमधे आपल्यापुरतं पाहायला फिल्टर व्ह्यू आहे, एक्सेलमधे शीट व्ह्यू आहे.

पण डाउनलोड करून काम करा हा सल्ला ज्याने दिला त्याच्यावर मला खरंच राग आहे. समजा शिष्यवृत्तीची यादी आहे. वहिनींनी ती सकाळी उतरवली, वर्गशिक्षकांनीही उतरवली. ४७व्या ओळीतल्या मुलीचा खाते नंबर वहिनींनी पासबुक पाहून दुरुस्त केला, वर्गशिक्षकांनी त्याच मुलीचा फक्त पत्ता बदलला, नंबर त्यांच्या कॉपीत जुनाच. संध्याकाळी ग्रुपवर "यादी_फायनल" आणि "यादी_फायनल_नवीन". जोडणाऱ्याला दोन नंबर दिसतात, त्यातला दुरुस्त केलेला कोणता हे फाइल सांगत नाही, आणि त्याने वर्गशिक्षकांची अख्खी ओळ उचलून चिकटवली की वहिनींचं काम गेलं, कुठे लाल खूण नाही, एरर नाही, काही नाही. पैसे खात्यात आले नाहीत म्हणून आई शाळेत येते तेव्हा कळते. ज्या गोंधळाची भीती दाखवून राहिले तो गोंधळ या दोन कॉप्यांमुळेच होतो, बाप्पा!

ऑटोसेव्हचं तर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मदत पानावर दिलं आहे. एक्सेलवर एकत्र काम करायचं तर फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन जागेत) ठेवा, एक्सएलएसएक्ससारख्या नव्या फॉरमॅटमधे ठेवा, ऑटोसेव्ह चालू ठेवा. बंद ठेवलं तर तुम्ही सेव्ह करेपर्यंत तुमचे बदल बाकीच्यांना दिसत नाहीत. एक्सेलमधे एकत्र काम करायचं जुनं "शेअर्ड वर्कबुक" होतं, त्यात भरपूर मर्यादा होत्या, ते आता मागे पडलं असंही मायक्रोसॉफ्टच सांगते. ऑफिसच्या नेटवर्क फोल्डरमधली फाइल "लॉक्ड" म्हणून यायची तो अनुभवही खरा, मी नाही म्हणत नाही, पण त्यावरून आजच्या ऑनलाइन फाइलला नाव ठेवणं चूक आहे. ऑटोसेव्हमधे तुमची चूकही लगेच सेव्ह होते हे मात्र मान्य. काही करून पाहायचं असेल तर आधी वेगळी कॉपी काढा आणि तिच्या नावातच "सराव" लिहा.

डेटा परत येत नाही हेही खोटं. गुगल शीटमधे फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरी (जुन्या आवृत्त्यांची नोंद) आहे, सेलवर राइट क्लिक केलं तर तो कोणी कधी बदलला तेही दिसते. वनड्राइव्हवरही जुनी आवृत्ती परत आणता येते.

मराठी बिघडते ते कृतिदेवमधे टाइप केलेलं. तो फॉन्ट युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची पद्धत) नाही, म्हणून जिथे तो नाही तिथे भलतीच अक्षरं दिसतात, पेनड्राइव्हवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली तरी दिसतील. युनिकोडमधे टाइप करा.

आणि लिंक खुली ठेवा म्हणे! त्या यादीत लेकरांचे आधार नंबर आहेत, खाते नंबर आहेत, पालकांचे मोबाइल आहेत. लिंक एकदा ग्रुपवर गेली की कुठून कुठे जाईल सांगता येत नाही, आणि ती ज्याच्या हाती पडेल तो लॉगिन न करता नंबर बदलू शकतो, हिस्टरीत त्याचं नावही येणार नाही. वहिनी, आजच शेअरवर जाऊन "रिस्ट्रिक्टेड" करा, ज्यांना भरायचं आहे त्यांचेच ईमेल टाका, बाकीच्यांना फक्त व्ह्यूअर ठेवा. सरांना हे दाखवायला माझं नाव सांगितलं तरी चालते.