‘किडे खाणाऱ्या झाडालाच कीड’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला नर्सरीचं उत्तर

नमस्कार ताई,

‘किडे खाणारं झाड म्हणून व्हीनस फ्लायट्रॅप घेतला, तर त्यालाच मावा लागला. कीड लागलेलं झाड गळ्यात मारलं, आता ते मेलं, पैसे परत करा,’ असं तुम्ही लिहिलंय. स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा, पण ही झाडं सांभाळणारे इतरही लोक हे वाचतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मावा म्हणजे झाडाचा रस शोषणारा चिमुकला किडा. तो या झाडाच्या सापळ्यात, म्हणजे किडे पकडणाऱ्या पानात, सहसा जात नाही. तो बसतो मधल्या कोवळ्या फुटव्यात, जिथले सापळे अजून उघडलेलेही नसतात, आणि तिथला रस शोषतो. सापळा मिटायला आतल्या केसांना साधारण २० सेकंदांत दोनदा धक्का लागावा लागतो. माशी आपटते तेव्हा तो लागतो. माव्यासारखा चिमुकला जीव चुकून आत सापडलाच, तरी सापळ्याच्या कडेच्या दातांच्या फटीतून निसटतो.

तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. नवं पान वाकडं आलंय, बेचक्यात हिरवे ठिपके, भोवती माव्याने टाकलेली पांढरी कात. कुंडीच्या काठावर मुंग्यांची रांग आहे, ती माव्याच्या गोड चिकट्यासाठी. मागच्या मिरचीच्या शेंड्यावरही तेच ठिपके दिसतात. झाड तुम्ही जूनमध्ये नेलं, मावा दिसला दिवाळीनंतर. हा किडा नराशिवायच पिल्लं देतो आणि ती पिल्लं आठ-दहा दिवसांत वाढून पुन्हा पिल्लं देतात. आमच्याकडून आला असता तर जुलैतच दिसला असता.

आता काळे पडलेले सापळे. मावा लागला की पानं वाकडी होतात, अशी एका रात्रीत करपत नाहीत. तुम्हीच लिहिलंय की भांड्यांचा साबण आणि कडुनिंबाचं तेल मिसळून फवारलं. जास्वंदीला खपून जातं, या झाडाला नाही.

उपाय फुकटचा आहे. कुंडीवर जाळी बांधा, नाहीतर पीट (कुंडीत मातीऐवजी भरलेलं हलकं माध्यम) तरंगून वर येतं. मग झाडासकट अख्खी कुंडी पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात बुडवून सावलीत एक ते दोन दिवस ठेवा. मावा गुदमरतो, फ्लायट्रॅपला काही होत नाही. आठवड्याने बेचकं पुन्हा बघा, एखादा उरला असेल तर परत बुडवा. पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ५० पीपीएमच्या आत हवा. काही आरओ चवीसाठी क्षार परत मिसळतात, तसलं पाणी नको. मिरचीवरचा मावाही काढा, नाहीतर महिनाभरात पुन्हा हेच.

घटपर्णी (पानांच्या टोकांच्या घटांत किडे पकडणारं दुसरं झाड) असलेल्यांनी मात्र हा प्रयोग करू नये, तिचे घट पाण्याने भरतील. तिच्या पानांच्या बगलेत पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) असेल तर कापसाच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक टिपून काढा.

पैसे परत देणार नाही, कारण झाड मेलेलं नाही. फोटोत बुडाशी कंद पांढरा दिसतोय. बोटाने हलकेच दाबून बघा, घट्ट लागला तर काळी पानं कापा, खत अजिबात घालू नका आणि नव्या फुटव्याची वाट बघा. कंद मऊ लागला तर मात्र कुंडी घेऊन दुकानात या. सोमवारी बंद असतं.

– नर्सरीचा मालक