चर उघडा असताना मोजायला काय होतं?

काल दुपारी सव्वादोनला पुन्हा लाइट गेली. धावत बाहेर आलो, तर जेसीबीच्या दातांत आमची केबल लोंबतेय. या वर्षातली ही तिसरी वेळ. आत भट्टीत गिअरची बॅच, 930 अंशांवर, कार्बुरायझिंगचे, म्हणजे पोलादाच्या वरच्या थरात कार्बन मुरवायचे, अजून दोन तास बाकी. आमचा जनरेटर पंखे आणि तेलाचा पंप ओढतो, हीटर ओढत नाही. जॉइंट मारून लाइट यायला रात्रीचे नऊ वाजले. बॅच गेली. आता ग्राहकाला काय तोंड दाखवू?

जेसीबीवर बसलेल्या पोरावर मी ओरडलो नाही. त्याला चुन्याची रेघ मारून दिली होती, तो खणत गेला. ठेकेदाराला विचारलं, नकाशा कुठंय? त्यानं मोबाइलवर पीडीएफ काढून दाखवली. त्यात केबल कंपाउंडच्या भिंतीपासून दीड मीटरवर. अहो, रस्ता रुंद केला तेव्हा ती भिंतच पाडून मागे बांधली! अंतर मोजायचं कुठून? आणि खोली? ‘अंदाजे 1 मीटर’. माझी लाखाची बॅच त्या ‘अंदाजे’वर टांगलेली!

मॅपिंगचं किती कौतुक ऐकायचं आम्ही? मागच्या महिन्यात एका प्रदर्शनात गेलो होतो. ड्रोन, लेझरनं मोजणारं लायडार, अख्ख्या कारखान्याची डिजिटल प्रतिकृती, स्क्रीनवर छपरावरचा एकेक पत्रा मोजून घ्या. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्रानं नकाशे बनवणाऱ्या भारतीय कंपन्यांची परवानग्यांची कटकट काढून टाकली, त्याच वर्षी रस्ते, रेल्वे, केबल असं सगळं एका नकाशावर आणणारं केंद्राचं गतिशक्ती आलं, डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण आलं. चांगलंच झालं, मी त्याच्या विरोधात नाही. पण छप्पर सेंटीमीटरमध्ये आणि केबल ‘अंदाजे’, हे कसं चालतं?

खणण्याआधी कळवायचं ॲपसुद्धा आहे, ‘कॉल बिफोर यू डिग’, मार्च 2023 पासून. बेताल खोदकामानं देशाचं दरवर्षी सुमारे 3,000 कोटींचं नुकसान होतं, हे तेव्हा सरकारनंच सांगितलं होतं. आमच्या ठेकेदारानं ते ॲप उघडलंच नाही. पण उघडून कळवलं असतं तरी काय? ज्याची केबल, त्याच्याकडेही तीच दीड मीटरवाली पीडीएफ!

कुणी म्हणेल, जमिनीखालचं दाखवणारं रडार फिरवा. फिरवून बघितलंय. आमच्याकडे काळी माती. चिकण, ओल धरणारी. असली माती रडारच्या लहरी पिऊन टाकते, पावसाळ्यात तर थोड्याशा खोलीनंतर स्क्रीनवर नुसता चिखल दिसतो. केबल शोधायचं दुसरं यंत्र असतं, ते धातू ओळखतं; पाण्याची एचडीपीईची, म्हणजे प्लॅस्टिकची, नळी त्याला सापडत नाही, टाकताना तिच्यासोबत तार सोडली असेल तरच. ती तार कोण सोडतं? बुजवलेलं नंतर शोधणं हे असं महागडं आणि बेभरवशाचं काम आहे. चर उघडा असतो, केबल डोळ्यांसमोर पडलेली असते, तेव्हा आरटीके रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून अचूक जागा सांगणारं यंत्र, तिच्यावर टेकवला तर दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत जागा मिळते, खोलीसकट. भिंत हलली, रस्ता हलला तरी ते आकडे हलत नाहीत. पाचशे मीटरच्या चराला तासभर लागेल फार तर.

तो तासभर कुणी देत नाही, कारण बिल निघतं खणलेल्या मीटरवर. शेवटच्या बिलाला ‘प्रत्यक्ष कामाचा नकाशा’ जोडायचा असतो, तिथे टेंडरचाच नकाशा नाव बदलून चिकटवतात. वाकडी गेलेली केबल कागदावर सरळच राहते. असं काम पास करणाऱ्यांचा मला जास्त राग आहे. सही करण्याआधी एकदा तरी चरात डोकवा ना!

आज सकाळी चर बुजवायला आले. म्हटलं, थांबा, जॉइंटची जागा तरी मोजा. ‘साहेब, आमच्या कामात नाही ते.’ मग मीच टेप घेऊन खाली उतरलो. जॉइंट 1.15 मीटर खोल, आमच्या गेटच्या खांबापासून 4.6 मीटर, गटाराच्या काठापासून 2.3. फोटो काढले, वहीत लिहिलं. मग हे आकडे नोंदवून घ्या म्हणून दुपारभर चार ठिकाणी फोन केले. एकानंही लिहून घेतलं नाही. चौथ्यानं विचारलं, लाइट आली ना तुमची?